लेबलवर एल, अंगात एम

‘मॅडम, साईज बरोबरच आहे, तुम्हीच जरा भरलात.’ कपड्यांच्या दुकानात हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, तर ते कुठल्या दुकानात ऐकलं हेही तुम्हाला आठवत असेल. कुर्तीवर एल लिहिलेलं, तुमचं नेहमीचं मापही एल, तरी ती दंडात अडकते आणि छातीवर बटणं ताणतात. अशा वेळी आपण काय करतो? आरशात बघून पोट आत घेतो आणि हळूच एक्सएल मागतो. कपड्याऐवजी स्वतःवर संशय घेतो. काउंटरवरच्या माणसांना हे पाठ असतं.

लेबल चुकतं, आणि त्यात आश्चर्य काहीच नाही. कारखान्यात कापडाचे थर एकावर एक रचून एकदम कापले जातात, कापलेले भाग गठ्ठ्यांनी शिवायला जातात आणि मानेत लेबल लावणारा कारागीर वेगळाच असतो. एमच्या गठ्ठ्याला एलची लेबलं गेली की तो अख्खा गठ्ठा चुकला. सेलच्या ढिगात तर हँगर कुणाचा आणि कपडा कुणाचा, देव जाणे. म्हणून मानेतलं शिवलेलं लेबल आणि बाहेर लोंबणारा टॅग एकमेकांशी जुळतात का, हे आधी बघा. टॅगवर एस, एम, एलसोबत सेंटिमीटरमधलं मापही असायला हवं. तिकडे आपली नजर जात नाही, कारण ती किमतीवर असते!

एक फरक मात्र समजून घ्या. एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एलएवढा नसतो. त्यामुळे ‘अमक्या दुकानातला एल मला छान बसतो’ हा मुद्दा काउंटरवर टिकत नाही. टिकतो तो एकच पुरावा : त्याच कंपनीचा, त्याच डिझाईनचा, त्याच मापाचा दुसरा नग. दोन्ही टेबलावर सपाट पसरा, बटणं लावा आणि काखेच्या इंचभर खाली एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजा. आकडा दुप्पट केला की छातीचा घेर मिळतो. पाव-अर्धा इंच इकडेतिकडे चालतं. दोन इंचांचा फरक निघाला तर लेबल चुकलंय, तुम्ही नाही. शिंप्याची मापपट्टी पर्समध्ये चुरगळून बसते, तिचं वजनही जाणवत नाही.

बंगळुरू, चेन्नई किंवा कोलकात्यात राहणाऱ्या वाचकांना मापपट्टीचा आणखी एक उपयोग. परक्या भाषेत तावातावाने भांडायला गेलं की शब्द संपतात आणि समोरचा हसायला लागतो. पट्टीवरचा आकडा कुणालाही वाचता येतो.

माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीने जीन्स घेतली, ३२ लिहिलेली. घट्ट होतेय म्हटल्यावर विक्रेता तिच्या आईसमोरच म्हणाला, ‘बेबी, चपाती कमी खा.’ सगळे हसले, तीही हसली. जीन्स घरी आली आणि कपाटात गेली. पुढचे दोन आठवडे पोरगी भावाचे ढगळ टी-शर्ट घालून फिरत होती आणि रात्री ‘भूक नाही’ म्हणत होती. शेवटी तिच्या आईने कमरेचा पट्टा मोजला, साडेएकोणतीस इंच. त्याच दुकानातल्या दुसऱ्या ३२ची कंबर भरली सव्वाबत्तीस. मॅनेजरने पैसे परत केले, तो नग शेल्फवरून काढला. मायलेकी दोघी जाणार होत्या, पण भाची दुकानाच्या दारातूनच परत फिरली. तिला त्या माणसासमोर उभं राहायचं नव्हतं.

म्हणून मुलं सोबत असतील तर असा शेरा तिथल्या तिथे थांबवा. आवाज चढवायची गरज नाही. ‘मापाबद्दल बोला, तिच्या अंगाबद्दल नको,’ एवढं पुरतं. मुलीला ते ऐकू जायला हवं.

बाकी सेल्सगर्लशी वाद घालून हाती काही लागत नाही. ती दिवसभर उभी असते आणि माल परत घ्यायचा अधिकार तिच्याकडे नसतो. सरळ मॅनेजरला बोलवा, दोन्ही नग आणि पट्टी पुढे करा. ‘फुकट अल्टर करून देतो’ म्हणाले तर नको म्हणा. तयार कपड्याच्या शिवणीत जेमतेम सेंटिमीटरभर कापड असतं, ते सैल होणार किती? शिवाय एकदा उसवलेला कपडा परत घ्यायला कुणी तयार होत नाही. मोजायच्या आधी धुऊही नका, नाहीतर ‘धुतल्यावर आटला’ हे उत्तर तयारच असतं.

आता त्या बिलाबद्दल, ज्यावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असतं. रंग आवडला नाही म्हणून कपडा परत करायचा असेल, तर ती दुकानदाराची मर्जी. सदोष मालाचं तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. क्रेडिट नोट पुढे केली तर ‘मला पैसे हवेत’ म्हणायला संकोच कशाला? नकार मिळालाच तर तो लेखी मागा. देत नसतील तर लेबल, पट्टीवरचा आकडा आणि बिल यांचे फोटो तिथेच काढून घ्या.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं, तुम्ही कुठल्याही राज्यात असा. बरीच दुकानं तिथून विचारणा झाल्यावरच हलतात. तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि सुरतेत घेतलेल्या कुर्तीची तक्रार तुम्ही राहत असाल तर इंदूरलाही करता येते. आठशे रुपयांच्या कुर्तीसाठी एवढं करायचं का, हे तुम्ही ठरवा. पण बिल महिनाभर तरी जपून ठेवा, आणि थर्मल कागदावरची शाई उडते, तेव्हा त्याचा फोटो त्याच दिवशी काढा.