कडेला जागा सोडावी

आज ८ जुलै, गो. नी. दांडेकरांचा जन्मदिवस. १९१६ साली परतवाड्याला जन्मलेले आप्पा तळेगाव दाभाड्यात राहायला आले आणि मावळचेच होऊन गेले. तारीख मात्र अशी आहे की या दिवसांत मावळात कुणाला हारतुरे घालायला सवड नसते. खाचरांत चिखलणी चाललेली, तरवा उपटून मुठी बांधून ठेवलेल्या, डोक्यावर इरल्याच्या जागी आता प्लास्टिकचा कागद. घाटमाथ्यावर दुसरीच लगबग: शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही आणि लोणावळ्याच्या रस्त्यावर गाड्या जागच्या हलत नाहीत. तिसरी लगबग डोळ्यांना दिसत नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांचे तगादे याच सुमारास सुरू होतात आणि मराठी लेखकवर्ग अर्धवट कथा बाहेर काढून बसतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही सवय लावली, ती शंभर वर्षे उलटली तरी सुटलेली नाही.

लिहिण्याचा हंगाम म्हणजे लिहिण्याविषयी सल्ले देण्याचाही हंगाम. कथा कशी लिहावी, कादंबरी कशी पुरी करावी, आत्मचरित्राला सुरुवात कुठून करावी, याची पुस्तके आहेत, व्याख्याने आहेत, दोन दिवसांची निवासी शिबिरेही आहेत, आणि अशा शिबिरांना लोणावळा-खंडाळ्याचे बंगले फार सोयीचे पडतात. आम्हाला यात गैर काही वाटत नाही. गाणे शिकवतात, चित्रकला शिकवतात, मग लेखनानेच काय घोडे मारले आहे? प्रश्न एवढाच की या ढिगातला कोणता सल्ला पदरात घ्यायचा आणि कोणता वाऱ्यावर सोडायचा. ही झाडाझडती गोनीदांच्या जन्मदिवशी घेण्याला कारण आहे. हा लेखक कुठल्याही लेखनवर्गात तयार झालेला नव्हता आणि आजच्या बहुतेक लेखनवर्गांत तो नापास झाला असता.

तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या ओढीने घर सुटले, शाळा तिथेच थांबली. पुढे गाडगे महाराजांचा सहवास, ज्ञानेश्वरीचे अध्ययन, नर्मदेची परिक्रमा, औंधला पंडित सातवळेकरांकडचे काम. लेखणीवर पोट भरायचे ठरवले तेव्हा तिशी आली होती. लिहायला बसण्यापूर्वी एवढे चालून झालेले लेखक मराठीत थोडे. नंतरही चालणे थांबले नाही. किल्ल्यांवर त्यांनी आयुष्य काढले. ‘स्मरणगाथे’ला १९७६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९८१ साली अकोल्याच्या संमेलनाचे अध्यक्षपद आले. पण मावळाच्या दृष्टीने त्यांची मोठी पुस्तके दोन. ‘माचीवरला बुधा’चे कथानक म्हणावे तर चार ओळींत संपते: मुंबईत आयुष्य काढलेला एक म्हातारा राजमाचीवर परततो आणि झाडाझुडपांच्या, पाखरांच्या संगतीत राहतो. संघर्ष नाही, रहस्य नाही, कलाटणी नाही. ‘पवनाकाठचा धोंडी’ हा तुंग किल्ल्याच्या हवालदाराच्या घराण्यातला गडी, किल्ल्यावर जीव टाकणारा. कादंबरी आली पन्नासच्या दशकात, पवनेवर धरण झाले ते त्यानंतर. तुंगच्या पायथ्याचा बराच मुलूख पाण्याखाली गेला. धोंडीने पाहिलेले खोरे जसेच्या तसे पाहायचे तर आता ते पुस्तकच उघडावे लागते.

आता सल्ल्यांकडे वळू. मराठीत या विषयावर गाजलेले पुस्तक ना. सी. फडके यांचे, ‘प्रतिभासाधन’, १९३१ सालचे. फडके तर्कशास्त्राचे प्राध्यापक. त्यामुळे कथा-कादंबरीचे कप्पे पाडून दाखवण्यात त्यांचा हातखंडा. कथानकाची गुंफण कशी करावी, वाचकाची उत्कंठा कशी ताणावी, शेवट कुठे आणावा, हे सगळे त्यांनी मांडले. या पुस्तकाची टिंगल करण्याची पुढे फॅशन झाली, ती आम्हाला पटत नाही. लेखन आकाशातून पडते असे मानणाऱ्या समाजाला, यातही कसब आहे आणि ते सांगता येते, हे फडक्यांनी ऐकवले. अडचण निघाली ती साच्याची. पुढच्या दहा-पंधरा वर्षांतच गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी तो साचा बाजूला ठेवून मराठी कथा पुढे नेली. आणि बुधाला ‘प्रतिभासाधना’ची फूटपट्टी लावून पाहा. उत्कंठा कुठे आहे, गुंता कुठे आहे, विचारत बसाल. पुस्तक मात्र अजून वाचले जाते.

दुसरा नमुना ‘सत्यकथे’चा. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाला पत्र लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत. हा सल्ला समोरच्या हस्तलिखिताबद्दल, एका माणसाने दुसऱ्याला दिलेला असे. आमच्या मते यापेक्षा चांगला लेखनवर्ग मराठीने पाहिलेला नाही. पण त्यालाही कड होती. ज्यांचे लेखन त्या टेबलापर्यंत पोचतच नव्हते, किंवा पोचून ‘आपल्यातले नाही’ ठरत होते, त्यांचे काय? १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, तो या प्रश्नाचा धूर होता. तीन वर्षांनी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. जाणकार संपादकाच्या पत्राने त्यातली एक कविता तरी सुधारली असती का, याची आम्हाला दाट शंका आहे.

याहून जुना सल्लागार पाहायचा तर समर्थ रामदास. दासबोधाच्या चौदाव्या दशकात कवित्वाचा समास आहे, तिथे त्यांनी कवितेच्या जाती लावल्या आहेत. मनाला येईल ते बळेच जुळवलेले, ते धीट. पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्यासारखाच उतारा केलेला, तो पाठ. दिसले ते वर्णिले आणि झटपट कवित्व जोडले, ते धीटपाठ. या तिन्हींपलीकडे प्रासादिक. हल्ली यंत्राला चार शब्द सांगितले की ते पानभर मजकूर काढून देते. तो कुठल्या कप्प्यात टाकायचा हे समर्थांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.

पण आमचा जीव जडला आहे तो एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासावर, लेखनक्रियेच्या. हा समास पोथ्या नकलून घेणाऱ्यांसाठी आहे, निर्मितीचा त्याच्याशी संबंध नाही, हे आधीच कबूल करतो. तरीही लेखनाबद्दल इतके कामाचे दुसरे काही आम्ही वाचलेले नाही. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. शाई काळी कुळकुळीत. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत टिकावे, सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागद झिजून कडा झडल्या तरी अक्षर झडत नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येणार नाही, मध्यम लिहावे. नाना देशांचे बोरू आणावेत. पोथीला बंधन असावे, मेणकापड असावे, पेटी आणि तिला कुलूपही.

काय नाही यात? अवजार आहे, सातत्य आहे, आणि कागद कसा खराब होतो याची पुरती जाण आहे. पहिल्या पानावर जोर करून चाळिसाव्या पानावर हात ढिला सोडणारे कादंबरीकार आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांना ‘एका टाकाने’ एवढा सल्ला पुरला असता. आणि म्हातारपणीच्या डोळ्यांचा विचार! आपण लिहिलेले वीस वर्षांनी आपल्यालाच वाचावेसे वाटेल का, हा प्रश्न इतक्या साध्या रीतीने कुणी विचारलेला नाही. मेणकापडाचे म्हणाल तर मावळच्या पावसात पुस्तकाला बुरशी कशी धरते हे ज्याने पाहिले असेल, त्याला ते निराळे समजावून सांगायला नको.

इंद्रायणीच्या खोऱ्यात, मावळाच्याच हद्दीत, लेखनाच्या आणखी दोन शाळा आहेत. पहिली भंडाऱ्याचा डोंगर. तुकोबा इथे येऊन बसत. त्यांना कविता करायला सांगितले ते नामदेवांनी, पांडुरंगाला बरोबर घेऊन, स्वप्नात. हे तुकोबाच आपल्या अभंगात सांगतात. वायफळ बोलू नकोस असे बजावले आणि शतकोटींचा राहिलेला आकडा पुरा करायला लावला. म्हणजे काम नेमून दिले, माप घालून दिले, आणि फालतू बडबडीला बंदी. कुठल्याही संपादकाला हेवा वाटावा अशी ही मागणी आहे. दुसरी शाळा सुदुंबऱ्याची. तिथे संताजी जगनाडे यांची समाधी आहे. तेलघाणा चालवणारे संताजी तुकोबांच्या टाळकऱ्यांतले, आणि अभंग वह्यांत उतरवून ठेवणारे. त्यांच्या वहीच्या आधाराने वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ छापला. आजचे सल्ले सगळे ‘व्यक्त व्हा’ म्हणतात. दुसऱ्याचे बोलणे कान देऊन ऐकावे आणि आपली पदरची भर न घालता उतरवावे, हे शिकवणारा वर्ग आम्ही अजून ऐकलेला नाही. मराठी गद्य सुधारायचे तर सुरुवात तिथून व्हायला हवी.

कार्ल्याच्या लेण्यात तर शिकवणी दगडातच कोरलेली आहे. एकवीरेच्या दर्शनाला आलेली गर्दी चैत्यगृहात डोकावून जाते, खांबांवरची ब्राह्मी अक्षरे मात्र फारसे कुणी पाहत नाही. धेनुकाकट गावचा यवन सिहधय, त्याने दिलेला खांब. त्याच गावचा गंधी सिंहदत, त्याने दिलेले दार. वेणुवासाचा मुलगा सामी, सुतार, त्यानेही दार घडवले. गाव, नाव, धंदा, दान, की मजकूर संपला. दोन हजार वर्षे झाली, त्यांतला एक शब्द काढता येत नाही आणि एक घालावासा वाटत नाही. व्हरांड्यात मात्र वैजयंतीच्या भूतपाल शेठजींचा लेख आहे, त्यात हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे लिहिले आहे. विशेषणाचा मोह तेव्हाही होता आणि तो पैसेवाल्यालाच आवरला नाही. लेणे पाहिल्यावर शेठजींना क्षमा करावीशी वाटते, हा भाग निराळा.

आता चालू सल्ल्यांचे काय ते सांगून टाकू. ‘रोज लिहा’ हा वाईट सल्ला नाही, पण तो ज्याला दोन तास मोकळे मिळतात त्याच्यासाठी आहे. बहिणाबाई चौधरींनी अक्षर लिहिले नाही. शेतात, जात्यावर ओव्या रचल्या. त्या टिपून ठेवणारे चिरंजीव सोपानदेव आणि छापण्याचा आग्रह धरणारे अत्रे नसते तर १९५२ साली मराठीला ती कवयित्री मिळाली नसती. ‘सोपे लिहा’ याला आमचा उलट प्रश्न असा, की कुणाला सोपे? चिखलणी आणि तरवा हे शब्द वडगावच्या बाजारात सोपे आहेत, पुण्याच्या डेक्कनवर नाहीत. ‘सोपे’ करताना झिजतात ते नेहमी मावळचे शब्द.

आणि ‘शुद्ध लिहा’. साहित्य महामंडळाचे नियम १९६२चे, चौदा. १९७२ मध्ये चार वाढले. अठरा नियम म्हणजे काही डोंगर नाही. अरुण फडके यांनी ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ म्हणून खरोखरच खिशात मावेल असे पुस्तक करून दिले. ते नियम ज्याने त्याने शिकावेत. वेलांटी-उकाराचा घोळ हा आळस आहे, त्याला बंडखोरीचे नाव देऊ नये. पण हे नियम लिहिण्याचे आहेत, बोलण्याचे नव्हेत, एवढे भान शाळेतल्या तांबड्या शाईने ठेवलेले नाही. आजी घरी जसे बोलते तसे निबंधात लिहिले म्हणून गुण कापलेली मुले पुन्हा मनापासून लिहीत नाहीत. गोनीदांचा बुधा मावळी बोलतो आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाने तो डोक्यावर घेतला. गोनीदांच्या लेकीच्या देव कुटुंबाने त्यांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन सभागृहांत वर्षानुवर्षे केले, तेव्हा ही बोली ऐकताना कुणी कोश मागितला नाही.

एक सूचना करून थांबतो. लोणावळ्यात लेखनशिबिरे जरूर भरवावीत. दोन दिवसांतला एक दिवस बंगल्याबाहेर काढावा. सकाळी कार्ल्याला खांब वाचायला न्यावे. पाऊस फार नसेल तर राजमाचीला उधेवाडीपर्यंत, नाहीतर खालच्याच एखाद्या वाडीला. लावणी चालली असेल तिथे बांधावर उभे राहून, जमल्यास चिखलात उतरून, प्रत्येकाने जे पाहिले त्यावर एक पान लिहावे आणि ते शेतातल्या मावशींना वाचून दाखवावे. मूठ डाव्या हातात असते की उजव्या, रोप किती बोटे खोल जाते, पाय मागे सरकतो की पुढे, यातली प्रत्येक चूक त्या कंबर न उचलता सांगतील. त्यांना वेळ नसणार, म्हणून पान एकच. आणि शिबिराच्या शुल्कातून पाहुण्या लेखकाला जे मानधन जाते, तेवढेच त्या दिवशी मावशींच्याही हातावर ठेवावे. मजुरी म्हणून नव्हे, संपादकाचे मानधन म्हणून.