वरातीमागून फोर-व्हील

माझं एक स्पष्ट मत आहे, आणि ते मी मेहुण्याच्या तोंडावर सांगून चुकलो आहे, की ज्याला गाडीमागे कॅरॅव्हॅन बांधून हिंडायची हौस असेल, त्याने जुनी गाडी बघायला जाताना ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ हे शब्द घरी खुंटीला टांगून जावं. हे सांगायचा तुम्हाला अधिकार काय, असं कोणी विचारील. विचारणं बरोबर आहे. मला मोटार चालवता येत नाही. पण बावीस वर्षं मी बँकेत कर्जांच्या टेबलावर बसलो आहे. कर्ज मागायला आलेला माणूस आणि जुनी गाडी विकणारा माणूस यांत फरक असलाच तर तो इस्त्रीचा असतो.

मेहुणा इंग्लंडात मिल्टन कीन्सला असतो. गेल्या साली आम्ही उभयता महिनाभर त्याच्याकडे राहायला गेलो, तेव्हा दारापुढे एक पांढरीशुभ्र कॅरॅव्हॅन उभी होती. चौघांची झोपायची सोय, गॅसची शेगडी, बशीएवढं बेसिन आणि बसल्यावर गुडघे दाराला लागतील असा संडास. एकूण गिरगावातल्या चाळीची एक खोली चाकांवर बसवावी तसा प्रकार. “आता हिला ओढायला एक सेकंडहँड फोर बाय फोर घ्यायची, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. वरातीमागून घोडं म्हणतात ते इतक्या प्रत्यक्ष स्वरूपात मी प्रथमच पाहिलं. त्यातून घोडं कसं असावं हे त्याच्या ऑफिसातल्या एका जाणकाराने आधीच ठरवून टाकलं होतं. उंच हवं, रुंद हवं, आणि ताकद चारही पायांत हवी.

असे जाणकार आपल्याकडेही आहेत. आमच्या सोसायटीत एकाकडे चारही चाकांना जोर लावणारी भली थोरली गाडी आहे, आणि ती आजवर चढलेला सर्वांत मोठा डोंगर म्हणजे सोसायटीच्या फाटकापुढचा स्पीडब्रेकर. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या मागे घर बांधलेलं नसतं.

मेहुण्याच्या मागे मात्र होतं, आणि ते काय करू शकतं हे मी मागच्या सीटवर बसून पाहिलं. कॅरॅव्हॅन सर्व्हिसिंगला न्यायची म्हणून त्याच्या एका मित्राने आपली गाडी आणली होती. गाडी दिसायला सुबक, चारही चाकांना ताकद असलेली, पण अंगाने किरकोळ. उताराला लागलो, शेजारून एक लांबलचक ट्रक गेला, आणि मागचं घर डुलायला लागलं. आधी पंगतीला बसलेल्या भटजीसारखं हळूहळू, मग अंगात आल्यासारखं. त्याच्याबरोबर आमची गाडीही डावी-उजवीकडे. माझ्या शेजारी सात वर्षांची भाची होती. तिला वाटलं ही गंमतच आहे. ड्रायव्हर शहाणा निघाला. त्याने ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंगशी झटापट केली नाही, नुसता पाय वर घेतला, आणि दहाएक सेकंदांनी घर शांत झालं. त्या दहा सेकंदांत चार चाकांच्या ताकदीचा आम्हाला नव्या पैशाचा उपयोग झाला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात हो! फोर-व्हील ड्राइव्ह गाडी पुढे नेतं. थांबवताना किंवा मागचं घर आवरताना त्याचं काय काम?

त्या रात्री मी मेहुण्याकडून कॅरॅव्हॅनचे कागद मागून घेतले आणि चष्मा पुसून बसलो. कॅरॅव्हॅनचं भरलेलं कमाल वजन १५०० किलो. तिकडच्या जाणत्या लोकांचा नवशिक्यांना असा सल्ला असतो, की ओढायचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ नये. कायदा नव्हे, सल्ला. म्हणजे गाडी साधारण १७६५ किलोंची हवी. शिवाय कॅरॅव्हॅनच्या नाकाने गाडीच्या हुकावर द्यायचा भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, म्हणजे ७५ ते १०५ किलो. तेवढा भार हुकाला झेपतो की नाही हे पाहायला हवं. नाक हलकं ठेवून जड सामान मागे भरलं, की घर डुललंच म्हणून समजा. आणि गाडीवर एक पाटी असते, तिच्यावर वजनाचे चार आकडे. पहिला भरलेल्या गाडीचा, दुसरा गाडी अधिक ओढायचा बोजा असा एकत्र, खालचे दोन पुढच्या आणि मागच्या आसाचे. दुसऱ्यातून पहिला वजा करा. उरेल तेवढंच ओढायचं. बी.कॉम.ला तीन वर्षं घालवून मी वजाबाकी शिकलो ती कुठे कामाला येईल हे विद्यापीठालाही माहीत नसेल.

जाणकारांच्या तोंडून ही पाटी मी एकदाही ऐकली नाही. सगळे बोलत होते ते उंचीवर आणि टायरांवर.

मग आम्ही गाड्या बघत हिंडलो. पहिली चकचकीत, दारावर ‘४×४’ अशी रुपेरी अक्षरं. मी सवयीप्रमाणे वाकून खाली पाहिलं, तर मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडाच गायब! त्या यंत्रणेत बिघाड झाला, की दुरुस्तीचा खर्च टाळायला लोक दांडा काढून ठेवतात आणि गाडी पुढच्या दोन चाकांवर पळवतात. मी विचारलं, तर मालक म्हणाला, त्याने पेट्रोल वाचतं. मयत जामीनदाराची सही खपवणाऱ्यांनीसुद्धा माझ्यासमोर इतका निर्मळ चेहरा ठेवला नव्हता.

दुसऱ्या गाडीत दांडा होता, पण ती कामापुरती फोर-व्हील. लिव्हर ओढला की पुढची-मागची चाकं एकमेकांना घट्ट जोडली जातात. चिखलात उत्तम. कोरड्या डांबरावर मात्र वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर चालायचं असतं, आणि जोडलेल्यांना ते जमत नाही. शेल्याची गाठ मारून होमाभोवती फिरणाऱ्या नवरा-नवरीतल्या एकाने मोठी ढांग टाकली की गाठीला जो ताण बसतो, तोच गाडीच्या दातेरी चाकांना बसतो. म्हणून डांबरावर लिव्हर सोडायचा आणि मागच्या दोनच चाकांवर चालायचं. आता मला सांगा, मेहुणा वेल्सला जाणार तो काय चिखलातून? एकेरी रस्त्यावर ताशी ५० मैल आणि मोटरवेवर ६० ही कॅरॅव्हॅनवाल्याची मर्यादा. सगळा प्रवास डांबराचा. चार चाकांचे पैसे मोजून दोन चाकांवर जायचं, याला आमच्याकडे बुडीत कर्ज म्हणतात.

तिसरीत फोर-व्हील कायमचं होतं, पण पुढचे दोन टायर नवेकोरे आणि मागचे दोन टकले. अशा गाडीत चारही टायर सारखे झिजलेले असावे लागतात, नाहीतर आतली यंत्रणा सारखी तो फरक मिटवत बसते आणि एक दिवस हात टेकते. चौथीच्या पोटाला ताजा काळा रंग होता. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते लोखंड खातं. मी घराच्या किल्लीने जरा खरवडलं, तर खपली हातात आली आणि मालकिणीचा चेहरा पडला. पाचवीचा हुक तेवढा सुरेख होता. गोळा घासून घासून चांदीच्या वाटीसारखा लखलखत होता, म्हणजे तिने आयुष्यभर कुणाची तरी घरं ओढली होती. क्लच आणि गिअरबॉक्स कधी बदलला विचारल्यावर मालकाने हवापाण्याचा विषय काढला.

एका गोष्टीसाठी मात्र मी इंग्रज सरकारला शंभरपैकी शंभर देतो. तिथे तीन वर्षांवरच्या गाडीची दरसाल तपासणी होते, आणि नंबर टाकला की तिचा इतिहास इंटरनेटवर फुकट दिसतो. कोणत्या साली काय खराब सापडलं, काटा किती मैलांवर होता, सगळं. अहो, हे पासबुकच! एका गाडीचा काटा दोन वर्षांत वाढायच्या ऐवजी कमी झालेला मी दहा मिनिटांत पकडला. मेहुणा चाट पडला. मी म्हटलं, “अरे, शिल्लक कमी झाली तर खातेदार ओरडतो, वाढली तर गप्प बसतो. इथे उलटं आहे, एवढंच.”

जुनं डिझेल घेतलं तर आणखी एक भुर्दंड. २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनभर धुराचा कर लागू झाला आहे. युरो ६ मध्ये न बसणाऱ्या डिझेल मोटारीला दिवसाला साडेबारा पौंड, नाताळचा दिवस सोडून. म्हणजे डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या आरतीला जायचं, तर दक्षिणा वेगळी आणि हे वेगळं. गणपतीला सवलत नाही.

फोर-व्हीलची बाजू मी अजिबात मांडणार नाही असं नाही. मागे भार पडला की पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं नाक हलकं होतं, ओल्या चढावर चाकं गरगरतात. कॅम्पिंगच्या हिरवळीवर रात्री पाऊस पडला तर सकाळी बाहेर निघणं कठीण. हे सगळं खरं आहे. पण त्याला कॅरॅव्हॅनखाली पक्की जमीन असलेली जागा मागता येते. मोटरवेवर घर डुलायला लागलं तर कुठली जागा मागणार?

शेवटी मेहुण्याने सात जणांची, १८०० किलोंची, पुढच्या दोन चाकांवर चालणारी, युरो ६ डिझेलची, रंगाने ओल्या पोत्यासारखी गाडी घेतली. ऑफिसातला जाणकार हसला म्हणे. आमची ही पण म्हणाली, “माझ्या भावाला म्हातारी गाडी गळ्यात बांधलीत.”

ऑगस्टमध्ये वेल्सहून फोटो आला. हिरवळीवर पक्की जागा न घेता उभी केलेली कॅरॅव्हॅन, पुढे रुतलेली गाडी आणि त्या दोघांना ओढणारा एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर. खाली मेहुण्याने लिहिलं होतं, “भाऊजी, फोर-व्हील मिळालं. भाडं चकलीचा एक डबा.” हिने तो फोटो सगळ्या माहेरी पाठवला.

मी त्याला एवढंच विचारलं, की जाताना मोटरवेवर ट्रक शेजारून गेले तेव्हा घर डुललं का?

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, “नाही. पिल्लू पूर्ण वेळ झोपली होती.”