दुसऱ्याचा निरोप वाहणार कोण?

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली, तेव्हा तेथील तरुणांनी ‘बिटचॅट’ हे नवे ॲप मोठ्या संख्येने डाउनलोड केले. त्याला इंटरनेट लागत नाही. निरोप ब्लूटूथने एका फोनमधून शेजारच्या फोनमध्ये हातोहात जातो. जवळ कोणी नसेल, तर साठून राहतो आणि दुसरा फोन टप्प्यात आला की पुढे सरकतो. विलंब गृहीत धरूनच उभारलेले हे जाळे आहे.

मात्र ॲप घेणे वेगळे आणि जाळे चालणे वेगळे. अनोळखी माणसाचा निरोप बाळगताना बॅटरी खर्च होते, जागा अडते, पदरात काहीच पडत नाही. आपले निरोप इतरांवर सोपवावेत आणि इतरांचे टाकून द्यावेत, हा मोह स्वाभाविकच. संशोधकांनी त्यावर जशास तसे वागणे, पत मोजणे, मोबदला देणे असे उपाय सुचवले आहेत. पण गर्दीत क्षणभर भेटलेला फोन पुन्हा भेटणार कधी? निरोप पोहोचला नाही, तर तो कोणी टाकला की पुढे नेणारा कोणी भेटलाच नाही, हे ठरवायचे कसे? शिवाय अनेकदा स्वार्थी ठरतो तो माणूस नव्हे, फोनच; बॅटरी वाचवण्यासाठी तो पडद्याआडची ॲप परस्पर बंद करतो.

कर्नाटकातील दोड्डबळ्ळापूर तालुक्यात दोन दशकांपूर्वी झालेला ‘डाकनेट’चा प्रयोग म्हणूनच आठवावा. तेथे सरकारी बसवर वायरलेस यंत्र बसवले होते. जमिनीच्या उताऱ्यांसंबंधीची माहिती गाव आणि तालुक्याचे ठिकाण यांच्यात बस ने-आण करी. निरोप कोणाच्या मर्जीवर नव्हे, बसच्या फेऱ्यांवर अवलंबून होता.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात ठिकठिकाणी वीज गेली. अशा वेळी कदंबच्या बसगाड्या, फेरीबोटी आणि रुग्णवाहिका हे काम नागरिकांच्या फोनपेक्षा भरवशाने करू शकतील. खर्चही मनोऱ्यांच्या मानाने किरकोळ.

अडचण धोरणाची आहे. मे २०२३ मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरमधील दहशतवाद्यांच्या वापराचे कारण देऊन १४ संदेशवहन ॲप रोखली. त्यांत इंटरनेटविना चालणारे ‘ब्रायर’ही होते. सुरक्षेची चिंता अनाठायी नाही. पण असे ॲप संकटापूर्वीच फोनमध्ये असावे लागते. नेट गेल्यावर ते डाउनलोड करणे अवघड.