समुद्राखालची इंटरनेट केबल तुटली, तर जोडतात कशी?

सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावलं. त्यातल्या दोन केबल मुंबईला येतात. दौंड तालुक्यातल्या खुटबावमधून युरोपात केलेला व्हिडिओ कॉलही अशाच केबलमधून जातो.

दुरुस्तीचं जहाज तुटलेली टोकं गळाने वर ओढतं. केसाएवढे काचेचे तंतू विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात. पण केबलमधून हजारो व्होल्टची वीजही वाहते. म्हणून सांध्यावर प्लास्टिकचं आवरण चढवून एक्स-रे काढतात. आत बुडबुडा दिसला, तर काम पुन्हा. सांधा सुमारे 25 वर्षं टिकायला हवा.

अशी जहाजं भारताला परदेशातून मागवावी लागतात. म्हणूनच ट्रायने 2023 मध्ये भारतीय ध्वजाच्या जहाजांचा आग्रह धरला. जोडणी तासांत होते. जहाज आणि परवानग्यांची वाट पाहण्यात आठवडे जातात.