विश्लेषण : सव्वा कोटीचा छेत्री, हातचा सुटलेला भेके... मुंबई-पुण्याच्या फुटबॉल ड्राफ्टचा ताळेबंद काय सांगतो?

इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) देशी खेळाडूंची अखेरची ड्राफ्ट पद्धतीची निवड २०१७मध्ये झाली. त्यानंतर मुंबई सिटी एफसीने दोनदा आयएसएल करंडक आणि दोनदा लीग शिल्ड जिंकली, तर एफसी पुणे सिटी हा संघच २०१९मध्ये नकाशावरून पुसला गेला. डिसेंबर २०२५मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबई संघातून काढता पाय घेतला. परदेशी मालकाचा भक्कम आधार गेल्यावर संघाला पुन्हा एकदा हिशेबाने, पारखून खेळाडू घ्यावे लागतील. अशा वेळी जुन्या निवडींकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. कोणता पैसा सार्थकी लागला, कोणता वाया गेला आणि या सगळ्यात महाराष्ट्रातील मुलांच्या वाट्याला काय आले?

ड्राफ्ट म्हणजे काय? लिलावापेक्षा वेगळा कसा?

लिलावात ज्याची बोली मोठी, त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये खेळाडूचे मानधन आधीच ठरलेले असते. संघ रांगेने येतात आणि आपली पाळी आली की यादीतले एक नाव उचलतात. शाळेच्या मैदानात दोन कप्तान आळीपाळीने गडी निवडतात, तसेच हे. फक्त इथे प्रत्येक गड्याच्या नावापुढे लाखांचा आकडा असतो.

ही पद्धत मूळची अमेरिकेची. तिथल्या एनएफएल लीगने १९३६मध्ये पहिला ड्राफ्ट घेतला. आदल्या हंगामातील सर्वांत कमजोर संघाने आधी निवडायचे, म्हणजे ताकदीचा तोल साधला जातो, हा त्यामागचा विचार. गंमत म्हणजे त्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेलेला जे बरवँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. ‘पहिली निवड म्हणजे सर्वोत्तम निवड’ या समजाला पहिल्याच वर्षी तडा गेला होता.

२०१४ : मुंबईने कोणाला निवडले?

आयएसएलचा पहिला ड्राफ्ट जुलै २०१४मध्ये मुंबईत झाला. आठपैकी सहा संघांनी प्रत्येकी १४ असे एकूण ८४ देशी खेळाडू निवडले. एफसी गोवाने धेंपो क्लबशी, तर नॉर्थईस्ट युनायटेडने शिलाँग लाजाँगशी हातमिळवणी केली होती. त्यामुळे त्यांचे देशी खेळाडू प्रामुख्याने तिथूनच आले.

मुंबईच्या यादीत गोलरक्षक सुब्रत पाल, सय्यद रहीम नबी, दीपक मंडल, लालरिंडिका राल्टे आणि मुंबईकर बचावपटू राजू गायकवाड अशी नावे होती. यातले बरेच जण भारताकडून खेळलेले, म्हणजे कागदावर संघ वजनदार. जोडीला फ्रेडी लुंगबर्ग आणि निकोलस अनेल्का हे परदेशी तारे. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबईने पुण्याचा ५-० असा धुव्वाही उडवला. तरीही हंगामअखेर संघ आठपैकी सातव्या क्रमांकावर राहिला.

दोष केवळ निवडीचा होता का? तसे म्हणता येणार नाही. त्या काळात आयएसएल जेमतेम अडीच महिन्यांची होती आणि देशात आय-लीग ही दुसरी स्पर्धा स्वतंत्रपणे सुरू होती. बहुतेक देशी खेळाडू ऑक्टोबर ते डिसेंबर आयएसएल संघाकडून खेळायचे आणि नंतर आपापल्या आय-लीग क्लबकडे परतायचे. थोडक्यात, संघ खेळाडू ‘घेत’ नव्हते, हंगामापुरते ‘भाड्याने आणत’ होते. दोन-अडीच महिन्यांत नवख्या खेळाडूला घडवणार कधी? मग ओळखीचे, तयार नाव उचलणे हाच सुरक्षित मार्ग वाटला.

२०१५ : सव्वा कोटीचा छेत्री फायद्याचा ठरला का?

पहिल्या हंगामात बंगळूरु एफसीने आपले खेळाडू आयएसएलसाठी सोडले नव्हते. त्यामुळे भारताचा सर्वांत मोठा फुटबॉलपटू सुनील छेत्री स्पर्धेबाहेरच होता. २०१५मध्ये ही अडचण सुटली आणि निवडक दहा खेळाडूंसाठी १० जुलैला मुंबईत लिलाव झाला. मुंबई सिटीने छेत्रीसाठी १ कोटी २० लाख रुपये मोजले. दहा जणांतली ही सर्वांत मोठी बोली.

मैदानावर छेत्रीने निराश केले नाही. ११ सामन्यांत सात गोल आणि नॉर्थईस्टविरुद्ध आयएसएलमधील भारतीय खेळाडूची पहिली हॅट्ट्रिक. एका गोलमागे साधारण १७ लाख रुपये, असा सरळ भागाकार करता येईल. मुंबई मात्र सहाव्या क्रमांकावर राहिली. याच लिलावात पुणे सिटीने मध्यरक्षक युजेनसन लिंगडोला १ कोटी ५ लाखांना घेतले. त्याची मूळ किंमत होती साडेसत्तावीस लाख. म्हणजे जवळपास चौपट रक्कम मोजून पुणे सातवे आले.

छेत्रीच्या बाबतीत खरा फटका पुढे बसला. २०१६मध्ये बंगळूरु संघ एएफसी चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्याने तो मुंबईच्या ताफ्यात उशिरा दाखल झाला. २०१७मध्ये बंगळूरु एफसी स्वतःच आयएसएलमध्ये उतरली आणि छेत्री आपल्या मूळ क्लबकडे गेला. दोन हंगामांनंतर मुंबईच्या हाती गोलांची आठवण तेवढी उरली. भाड्याच्या घराला कितीही रंगरंगोटी केली, तरी करार संपला की किल्ली परत द्यावीच लागते.

२०१७ : शेवटच्या ड्राफ्टमध्ये नेमके काय घडले?

बंगळूरु आणि जमशेदपूर आल्याने संघ दहा झाले, हंगाम लांबला आणि खेळाडूंना पूर्ण हंगामाचे करार मिळू लागले. २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत ड्राफ्ट झाला. प्रत्येक संघाला आधीचे दोन वरिष्ठ आणि २१ वर्षांखालील तीन खेळाडू राखण्याची मुभा होती. पण वरिष्ठ खेळाडू राखणाऱ्या संघांना सुरुवातीच्या फेऱ्या सोडाव्या लागल्या.

पाटी कोरी असल्याने नव्या जमशेदपूरने अनस एडाथोडिकाला १ कोटी १० लाखांत घेतले. तेवढ्याच किमतीत लिंगडो कोलकात्याच्या एटीके संघात गेला. त्या हंगामात दुखापतींनी दोघांचीही पाठ सोडली नाही. ड्राफ्टमधील सर्वांत महाग दोन निवडी बराच काळ मैदानाबाहेर बसून होत्या.

मुंबईने गोलरक्षक अमरिंदर सिंग आणि मध्यरक्षक सेहनाज सिंग यांना राखले आणि ड्राफ्टमध्ये आघाडीपटू बलवंत सिंगला ६५ लाखांत निवडले. संघ दहापैकी सातवा आला आणि पुढच्याच वर्षी बलवंत एटीकेकडे गेला.

पुण्याने उलटा डाव टाकला. जुन्यांपैकी केवळ तरुण आशिक कुरुनियनला राखून त्यांनी ड्राफ्टमध्ये गोलरक्षक विशाल कैथ, आदिल खान, रोहित कुमार अशी फळी उभी केली. त्या हंगामात पुणे सिटी प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचली. कैथ पुढे मोहन बागानमध्ये जाऊन देशातील अव्वल गोलरक्षकांत गणला जाऊ लागला. पण निवड अचूक असली तरी क्लबचे आर्थिक गणित कोलमडले. २०१९मध्ये पुण्याचा संघ बंद झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली.

मुंबईच्या हातून कोण सुटले?

सर्वांत बोचणारे उत्तर आहे राहुल भेके. मुंबईत वाढलेला आणि मुंबई एफसीकडून पुढे आलेला हा बचावपटू केरळा ब्लास्टर्स आणि पुणे सिटीकडून आयएसएल खेळून २०१७च्या ड्राफ्टमध्ये उपलब्ध होता. त्याला बंगळूरुने उचलले. बंगळूरुनेही मुंबईप्रमाणेच दोन वरिष्ठ खेळाडू राखले होते. म्हणजे रांगेतील स्थितीकडे बोट दाखवून मुंबईची सुटका होत नाही.

पुढची गोष्ट चित्रपटात शोभावी अशी आहे. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये अंतिम सामना झाला. जादा वेळेतील ११७व्या मिनिटाला भेकेने हेडरवर गोल केला आणि बंगळूरुने गोव्याला हरवून करंडक उचलला. मुंबईचा मुलगा, मुंबईचे मैदान, जर्सी मात्र दुसऱ्याची!

अखेर २०२१मध्ये मुंबईने त्याला संघात घेतले. एप्रिल २०२२मध्ये इराकच्या अल कुवा अल जाविया संघाविरुद्ध त्याच्याच हेडरने मुंबईला २-१ असा विजय मिळाला. एएफसी चॅम्पियन्स लीगमधील भारतीय क्लबचा तो पहिला विजय. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे नमवून मुंबईने करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार होता भेकेच.

दुसरे नाव सुभाशिष बोसचे. तोही बंगळूरुचीच २०१७ची निवड. २०१८मध्ये तो मुंबईत आला. २०२०मध्ये कोलकात्याला गेला. पुढे त्याच्या नेतृत्वाखाली मोहन बागानने २०२४-२५मध्ये लीग शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. भेके हातून सुटला होता, बोस तर हाती येऊन निसटला.

मग मुंबईचे यश आले कुठून?

ड्राफ्टमधून तर नक्कीच नाही. २०१८पासून संघ थेट करार करू लागले. नोव्हेंबर २०१९मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईतील ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०मध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले आणि त्यांच्यासोबत गोव्यातील त्यांचे विश्वासू खेळाडूही : ह्युगो बूमू, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि आपल्या शेजारच्या गोव्याचा मंदार राव देसाई.

मंदारचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो मूळचा डावीकडचा आक्रमक विंगर. लोबेरांनी त्याला लेफ्ट-बॅक केले आणि त्याच जागेवर तो स्थिरावला. खेळाडूची खरी जागा अशी सरावात सापडते. ड्राफ्टच्या टेबलावर समोर असते ती केवळ जुनी माहिती.

२०२०-२१मध्ये मुंबईने शिल्ड आणि करंडक दोन्ही पटकावले. अंतिम सामन्यात ९०व्या मिनिटाला निर्णायक गोल करणारा बिपिन सिंग २०१८मध्ये एटीकेकडून आला होता. कर्णधार होता अमरिंदर. २०१७मध्ये ड्राफ्टच्या आधीच राखलेला. तेव्हाच्या निर्णयांपैकी सर्वांत फलदायी ठरला तो कोणाला निवडायचे हा नव्हे, कोणाला सोडायचे नाही हा.

निवडीचा हिशेब करताना कोणती चूक टाळावी?

निकाल पाहून निर्णयाला नावे ठेवणे सोपे असते. छेत्रीला घेणे त्या दिवशी योग्यच होते. अनसला दुखापत होईल, हे कोणाला ठाऊक होते? १४-१८ सामन्यांच्या एका हंगामातून खेळाडूची पारख करणे म्हणजे चार वाचनांवरून यंत्राचा आलेख काढण्यासारखे आहे. म्हणून प्रश्न तीनच विचारावेत :

• निवडीच्या दिवशी जी माहिती उपलब्ध होती, ती नीट तपासली होती का?

• खेळाडू किती काळ आपल्याकडे राहणार होता?

• त्याला घडवणारा प्रशिक्षक आणि व्यवस्था संघाकडे होती का?

या कसोटीवर २०१४-१५च्या निवडी दुसऱ्या प्रश्नावर अडखळतात, तर भेकेचे प्रकरण पहिल्याच प्रश्नावर. पुण्याची २०१७ची निवड पहिल्या प्रश्नावर खरी उतरते, पण ती टिकवायला क्लबच उरला नाही.

कोकणातील मुलांसाठी यात काय आहे?

आपल्याकडे हा विषय कबड्डीतून चटकन समजतो. प्रो कबड्डीच्या २०१८च्या लिलावात चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाईला यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांत घेतले. वर्षभरात त्याची किंमत १ कोटी ४५ लाखांवर गेली आणि तेलुगू टायटन्सने त्याला नेले. २०२४मध्ये पुणेरी पलटण विजेती झाली तेव्हा मोहम्मदरझा शादलुईसाठी मोजलेले २ कोटी ३५ लाख कामी आलेच. पण कर्णधार अस्लम इनामदार मात्र ‘न्यू यंग प्लेअर’ योजनेतून आलेला, संघानेच घडवलेला. कबड्डीत गावच्या मंडळापासून जिल्हा संघटनेमार्गे या योजनेपर्यंत जाणारी वाट निदान दिसते तरी.

फुटबॉलमध्ये ती वाट अजून कच्ची आहे. कोल्हापूरच्या तालमींनी फुटबॉल जगवला आणि तिथला अनिकेत जाधव २०१७मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण त्यासाठी त्याला लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत यावे लागले. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मुलालाही आज मुंबई, पुणे किंवा गोवा गाठण्यावाचून गत्यंतर नाही.

ड्राफ्ट असो, लिलाव असो वा थेट करार. यादीत नाव आले तरच पुढचे सगळे. परदेशी मालक गेल्यावर महागडे तयार खेळाडू आणणे मुंबईला पूर्वीइतके सोपे नसेल. अशा वेळी घरापासून काही तासांच्या अंतरावरचा मुलगा शोधणे ही समाजसेवा नाही, तो स्वस्तातला आणि शहाणपणाचा सौदा आहे. भेकेने हे एकदा दाखवून दिले आहे. पुढचा भेके चार वर्षे दुसऱ्याच्या जर्सीत घालवण्याआधीच मुंबईला दिसेल का, हे त्यांचे निवडकर्ते सामने पाहायला कोणकोणत्या गावांत जातात त्यावर ठरेल.