गोडसे भटजींची भीती आणि आजचे निर्भय नायक

१/ अलीकडे वाचलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि आत्मकथने, दोन्हींनी घोर निराशा केली. नायकाला भूक लागत नाही, भय शिवत नाही. आत्मकथनकार तर कधी चुकतच नाही. याला इतिहास म्हणावे की आरती?

२/ यापेक्षा गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ वाचा. वरसईचे हे भिक्षुक घरचे कर्ज फेडायला, दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. जीव मुठीत धरून लपल्याचे, लुटले गेल्याचे ते निःसंकोच सांगतात. म्हणूनच त्यांनी पाहिलेली राणीही खरी वाटते.

३/ या पुस्तकालाही कात्री चुकली नाही. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ते फेरफार करून छापले. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रकाशात आणला.

४/ कादंबरीकाराला कल्पनेची मुभा जरूर असावी, पण कागदपत्रे मुकी असतील तिथेच. ती बोलत असताना त्यांचे तोंड दाबणे ही पूर्वजांशी प्रतारणा आहे. ज्याला भयच ठाऊक नाही, त्याच्या शौर्याचे मोल ते काय?