अवकाशातील उष्णतेचा निचरा

अवकाश थंड, तेव्हा उपग्रह आपोआप निवेल, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा होय. निर्वात पोकळीत उष्णता वाहून नेण्यास वारा नाही. ती केवळ प्रारणानेच बाहेर पडते. म्हणून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात दोन पंप द्रवरूप अमोनिया नळ्यांतून खेळवून ती बाहेरच्या प्रारक-पट्टांपर्यंत पोहोचवितात. ३१ जुलै २०१० रोजी त्यांतील एक पंप बंद पडला व निम्मी शीतनव्यवस्था थांबली. ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी तीनदा बाहेर पडून तो बदलला. उपग्रहापाशी असे हात नसतात. १९९६ साली मंगळाकडे निघालेल्या पाथफाइंडर यानावर म्हणूनच राखीव पंपही होता. जेथे पंप अपरिहार्य, तेथे त्याचा जोडीदार पाठविणे ही चैन नव्हे, खरी काटकसर होय, असे आमचे मत आहे.